सतरा नंबरचा फर्मा

४ मार्च

धाकट्या,

हे पत्र ग्राहक म्हणून लिहिते आहे, बहीण म्हणून नव्हे. तेव्हा फाडून टाकायच्या आधी निदान धंदा समजून तरी वाच.

वीस फेब्रुवारीला तुझ्या ऑनलाइन दुकानातून एक वस्तू मागवली गेली. तुझ्या पानावर तिचं नाव आहे 'जुना लाकडी पाय, शोभेसाठी, एकच नग'. पैसे त्याच दिवशी भरले. एक मार्चपर्यंत पोचेल असं लिहिलं होतं. आज चार तारीख. वस्तू नाही, निरोप नाही, 'पाठवली' अशी साधी खूणही नाही.

मागणी गणिताच्या बाईंच्या नावावर आहे, पत्ताही त्यांच्याच घरचा आहे. पण पैसे माझे आणि उपद्व्यापही माझा. बाईंना यातलं काही माहीत नाही. माझ्या नावावर तू पाठवणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. बाईंना नाही म्हणायची मात्र तुझी छाती होणार नाही, असं मी धरून चालले. ज्या बाईंनी तुला तीन वर्षं फुकट शिकवून शेवटच्या परीक्षेत गणितात काठावर का होईना पार केलं, त्यांना तरी तू टांग मारणार नाहीस, असं वाटलं होतं.

तुझा पत्ता कुठून मिळाला, हा प्रश्न तुला पडलाच असेल. तुझ्याच पानाच्या तळाशी आहे तो, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'माल परत करण्यासाठी' म्हणून. विकणाऱ्याला तो द्यावाच लागतो म्हणे, तसा नियम आहे. सहा वर्षं सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नाहीस, ते गिऱ्हाइकाला सांगावं लागलं. कोणी का असेना, भलं होवो त्या नियम करणाऱ्याचं.

आणि वस्तू दिसली कशी, तर इस्पितळात पायांच्या जखमा बांधणाऱ्या सिस्टर आहेत ना, त्यांनी मोबाइलवर दाखवली. "तुमच्या धंद्यातलंच काहीतरी आहे बघा, टीव्हीशेजारी ठेवायला किती छान." फोटोत डावा फर्मा होता. तळव्यावर बाबांच्या अक्षरात शाईनं सतरा. मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले.

तू त्याला शोभेचा म्हणतोस. तुला सांगायला नको, पण ज्या कंपनीच्या साइटवर तुझं दुकान आहे तिथलं कोणी हे पत्र कधी वाचणार असेल तर त्यांच्यासाठी लिहिते: फर्मा म्हणजे लाकडाचा पाय, ज्याच्यावर चामडं ताणून बूट बांधतात. बाबा ज्यांचे बूट बांधायचे त्यांचे पाय चारचौघांसारखे नसत. म्हणून प्रत्येकाचा फर्मा वेगळा, प्रत्येकाचा नंबर वेगळा. सतरा नंबर बाईंचा. जन्मापासून आत वळलेला, आखूड डावा पाय. त्यांचा बूट मला बांधायचा आहे आणि त्यासाठी तो फर्मा हवा आहे.

बाबा गेल्यावर ते सगळे फर्मे तू चोरून नेलेस, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. आता तेच विकत घ्यायला तयार आहे. याहून जास्त काय करायचं माणसानं?

— ग्राहक


१६ मार्च

धाकट्या,

तुझ्या पायी मी बाईंसमोर उघडी पडले.

झालं असं की मागणी त्यांच्या नावावर, तेव्हा कंपनीचा फोनही त्यांनाच गेला. 'तुम्ही मागवलेला लाकडी पाय मिळाला का?' बाई काठी टेकत दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी लाकडी पाय मागवला आहे असं दिसतं. अजून डॉक्टरांनी माझा खरा कापायचं ठरवलेलं नाही. मग ही घाई कोणाला झाली?"

सांगावं लागलं सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या घराच्या वाटणीत माझा पाय धाकट्याकडे गेला. मला निदान एक नोटीस तरी द्यायची होती."

हसत होत्या. पण बूट काढला तेव्हा मोजा बाहेरच्या घोट्याखाली ओला होता. त्यांना कळलंच नव्हतं. साखरेमुळे त्या पायाची जाणीव गेली आहे रे. दुखत नाही, म्हणून त्या चालत राहतात आणि जखम वाढत राहते. डॉक्टर म्हणाले, बरोबर बूट मिळाला तर ती भरेल. हाडापर्यंत गेली तर मग पुढचं त्यांच्या हातात नाही. बाई एकट्या राहतात, दुसऱ्या मजल्यावर. अजून चार मुलींना शिकवतात. त्या पायाचं काही झालं तर त्या कुठे जातील, हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि त्यांनीही सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, शिकून आलेलं तुझं ते प्लास्टर कुठे गेलं? तेच तर सांगते आहे. पायाचा प्लास्टरचा साचा घेतला, त्याच्यावर बूट बांधला. साचा अगदी हुबेहूब, नखसुद्धा दिसेल असा. बूट घातला आणि पंधरा दिवसांत घोट्याखाली घासलं. तिथे जागा वाढवली तर करंगळीपाशी घासलं. तीन बूट बांधले, तिन्ही टाकले. शिवण बघशील तर नाव ठेवायला जागा नाही. आणि आत पाय सोलला जातो आहे.

काल कंपनीला मी स्वतः फोन लावला. आधी यंत्र बोललं, एक दाबा, चार दाबा. मग एक मुलगी आली. गोड होती बिचारी.

"मॅडम, काळजी करू नका. तुम्हाला ग्राहक संरक्षण आहे."

"कशापासून?"

"माल आला नाही तर पैसे पूर्ण परत. मागणीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत तक्रार करायची. तुमच्याकडे सहा एप्रिलपर्यंत वेळ आहे."

"अगं, पैसे नकोत मला. माल हवा आहे. त्याच्याकडून तो आणून द्या."

ती म्हणाली, "त्यासाठी संरक्षण नाही, मॅडम." आणि माझी समजूत घालायला म्हणून पुढे म्हणाली, "या विक्रेत्यावर आधीच दोन तक्रारी आहेत. तिसरी आली की दुकान आपोआप बंद होतं. तुम्ही निर्धास्तपणे करा."

मी तक्रार केलेली नाही. तुझ्यावर दया आली म्हणून नाही, गैरसमज नको. दुकान बंद झालं तर तळाचा पत्ताही जाईल, आणि पैसे परत घेऊन मी काय बाईंच्या पायाला बांधू?

एक दुरुस्ती. मागच्या पत्रात 'चोरून' लिहिलं. चोरून नाही. तू नेलेस तेव्हा मी दुकानातच होते. पोती दारातून जात नव्हती म्हणून दाराचा दुसरा पल्ला मीच उघडून दिला होता.

ताई


२९ मार्च

धाकट्या,

आज मला कळलं की तू फर्मा का पाठवत नाहीस.

तुझ्या पानावर अगदी वरती नवा फोटो लावला आहेस. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. आधीच्या फोटोत सतरा नंबर जसा होता तसा: तीस वर्षांची चामड्याची ठिगळं, एकावर एक, कडा काळ्या पडलेल्या, प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख. नंतरच्या फोटोत तोच फर्मा, पण गुळगुळीत. ठिगळं खरवडलेली, पॉलिशपेपर मारलेला, वर व्हार्निश. चकाकतो आहे नुसता. खाली तू लिहिलं आहेस, 'प्रत्येक नग हातानं स्वच्छ केलेला.'

पहिल्यांदा इतका संताप आला की शेजारचा छपाईवाला डोकावून गेला. मी मोठ्यानं बोलत होते म्हणे. मी म्हणाले, काही नाही, भावाशी बोलते आहे. त्याला वाटलं फोन चालू आहे.

मग राग ओसरला आणि जे उरलं ते जास्त वाईट होतं. मी तुला ओळखते. एखाद्या परक्या माणसानं मागवला असता तर तू दुसऱ्याच दिवशी तो कागदात गुंडाळून पाठवला असतास, आणि त्या माणसानं तो टीव्हीशेजारी ठेवला असता. पण मागणीवर नाव आलं बाईंचं. बाई काही शोभेला फर्मा मागवणार नाहीत. तुला त्या क्षणी कळलं असणार की पायाचं काहीतरी बिनसलं आहे आणि फर्मा बुटासाठी हवा आहे. आणि तो तर तू आधीच खरवडून बसला होतास. कोणत्या तोंडानं पाठवणार? मी म्हटलं होतं की बाईंना नाही म्हणायची तुझी छाती होणार नाही. तेच झालं. तू नाहीही म्हणाला नाहीस आणि होही म्हणाला नाहीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांचं नाव घालायची अक्कल माझी.

तुझ्या पानावर आणखी एक गोष्ट दिसली. दुकान सुरू झालं ती तारीख. जेमतेम वर्ष झालं आहे. म्हणजे त्याआधीची पाच वर्षं तू ती पोती सांभाळलीस. कुठल्या खोलीत ठेवलीस, किती खोल्या बदलल्यास, मला काय माहीत. एवढं ओझं माणूस उगाच नेत नाही.

आता मला विचार, ते ओझं तुझ्या डोक्यावर दिलं कोणी. मीच. 'सरपण' हा शब्द माझा होता. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता, मी प्लास्टरचं शिक्षण घेऊन आले होते आणि नाकानं कांदे सोलत होते. म्हणाले, ही लाकडं आता कोणी विचारत नाही, मला फळ्यांवर जागा हवी आहे. तू म्हणालास, ताई, यात बाबांचं सगळं आहे. मी म्हणाले, सरपण आहे. ने आणि जाळ.

तू जाळलं तर नाहीस. फक्त स्वच्छ केलंस. आणि मी इथे बसून तुला शिव्या घालते आहे.

बाईंची जखम आज सिस्टरनं मोजली. वाढली आहे.

ताई


६ एप्रिल

धाकट्या,

आज पंचेचाळिसावा दिवस. सकाळी दुकान उघडलं आणि कोणी यायच्या आत ते तक्रारीचं पान उघडून बसले. बाईंनी स्वतःचा मोबाइल आणि पासवर्ड दोन्ही माझ्या हवाली केलं आहे. "तुम्हा दोघांचं हे गणित मला सुटणारं नाही, तूच बघ," म्हणाल्या.

पानावर पर्याय आहेत. माल मिळाला नाही. माल तुटका निघाला. माल वर्णनासारखा नाही. मी तिन्ही वाचले, परत वाचले. 'विकणारा माझा भाऊ आहे आणि चूक माझी आहे' असा पर्याय ठेवायचं त्यांना सुचलेलं नाही. त्यांचाही दोष नाही म्हणा. अनोळखी माणसं एकमेकांना फसवतील याचा विचार त्यांनी केला आहे. ओळखीच्यांचं काय करणार?

'माल मिळाला नाही' दाबलं असतं तर खरं तेच सांगितल्यासारखं झालं असतं. तुझं दुकान बंद, माझे पैसे परत, हिशेब चोख.

मी ते पान मिटलं आणि मागणीखालचं 'माल मिळाला' दाबलं.

लगेच पाटी आली: 'यानंतर आपल्याला या मागणीसाठी संरक्षण मिळणार नाही. नक्की?' मी नक्की म्हटलं. मग त्यांनी अभिप्राय मागितला. लिहिलं, 'लाकूड चांगलं आहे.' त्या पानावर खरं म्हणून तेवढं एकच लिहिलं.

दोन वाजता त्याच मुलीचा फोन. तिला माझी मागणी आठवत होती. "मॅडम, मिळाला का मग? किती बरं झालं." मला तिला खोटं सांगवेना. म्हटलं, नाही मिळाला. ती म्हणाली, "अहो, मग असं का केलंत? आता आम्ही तुमच्यासाठी काहीच करू शकत नाही." मी म्हटलं, बाळा, तुम्ही पत्ता दिलात, तेवढं पुष्कळ झालं.

तर आता तू मला कायद्यानं काही देणं लागत नाहीस. आता जे मागते ते ताई म्हणून मागते.

तो फर्मा खरवडलेला असला तरी पाठव. आणि जमलं तर त्याच्यावर ठिगळं परत चढवून पाठव.

हसू नकोस. तीन बूट वाया घालवल्यावर मला एक कळलं आहे, आणि ते कबूल करायला मला सहा वर्षं लागली. फर्मा पायासारखा नसतो. प्लास्टर पायासारखं असतं, म्हणून फसतं. पायाला कुठे जागा हवी, कुठे आधार हवा, हे बाबा बाईंना चालताना बघून ठरवायचे आणि ठिगळानं तेवढा फर्मा वाढवायचे. बाबा पेन्सिलीनं खूण करायचे, पण चामडं रापीच्या पात्यानं तासून, कडा कागदासारखी पातळ करून, ते बसवायचास तू. अकरा वर्षांचा असल्यापासून. बाबा कधी माप सांगायचे नाहीत. अंगठा फिरवून म्हणायचे, अजून थोडं. तू काढायचास. मी पलीकडे शिवणयंत्रावर पाठ करून बसायचे आणि मनात म्हणायचे, काय पोरखेळ चालला आहे.

दार उघडून दिलं त्या दिवशी मी आणखी एक बोलले होते. ते मागच्या पत्रात लिहायचं मी टाळलं. तू म्हणालास, मीही दुकानात काम करीन, आपण दोघं मिळून चालवू. आणि मी म्हणाले, तुला चिकटवण्यापलीकडे काय येतं? पोती उचलताना तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस.

मला चिकटवता येत नाही, धाकट्या. प्रयत्न केला. माझं ठिगळ ठिगळच राहतं, पायाला टोचतं. मी तुला जे हिणवलं तीच गोष्ट मला येत नाही आणि बाईंना तिचीच गरज आहे. सहा वर्षं मी हे दुकान चालवलं, नाव कमावलं, आणि बाबांचं अर्धं काम माझ्याकडे नव्हतंच. मला तुझी माफी मागायची आहे. ती या पत्रात मागते आहे. समोर असतास तर कदाचित जीभ रेटली नसती.

आठवेल तेवढंच कर. चुकलं तर चुकलं.

ताई


२५ एप्रिल

धाकट्या,

पार्सल काल आलं. मागणीवर बाईंच्या घरचा पत्ता होता, तू दुकानाचा घातलास. चिठ्ठी नव्हती. मी खोका उलटा करून, कागद झटकून पाहिला. नव्हती ती नव्हतीच.

फर्मा मात्र होता. बारा ठिगळं. व्हार्निश सगळं काढलंस, नाहीतर चिकटवायचं सोल्युशन धरत नाही, हे माझ्या लक्षातही आलं नसतं. एका ठिगळावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह आहे. ते मी अंगठ्यानं चाचपलं, डोळे मिटून चाचपलं. कड लागतच नाही बोटाला. मग मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि थोडा वेळ रडले. तुला सांगायला हरकत नाही.

आज बाईंच्या पायाचं नवीन प्लास्टर घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून जागोजागी मापं घेतली. कुठे किती जास्तीची जागा आहे ते मांडलं. संबंध दुपार गेली. मग बाबांच्या जुन्या वहीतला, बाईंच्या फर्म्याचा त्यांनी काढलेला शेवटचा आराखडा शोधला आणि त्याच्याशी ताडलं. धाकट्या, बाराच्या बारा बरोबर आहेत. प्रश्नचिन्हवालंसुद्धा. सहा वर्षांपूर्वीचा फर्मा तू नुसत्या आठवणीनं जसाच्या तसा उभा केलास.

आणि तरी तो बाईंना होत नाही.

घाबरू नकोस, पुढे वाच. चूक तुझी नाही आणि खरवडण्यामुळेही काही बिघडलेलं नाही. तू तो हातही न लावता पाठवला असतास तरी हेच झालं असतं. नव्या प्लास्टरमध्ये स्पष्ट दिसतं, या सहा वर्षांत बाईंचा घोटा आणखी खाली बसला आहे. तुझा फर्मा बरोबर आहे, पाय पुढे गेला आहे. बाबा असते तर दर वर्षी त्यांना दुकानात चालायला लावून लागेल तसं ठिगळ वाढवत गेले असते. ते कोणी केलंच नाही. माझ्याकडे रोज पाय होता आणि फर्मा नव्हता. तुझ्याकडे फर्मा होता आणि पाय नव्हता. मी दोन महिने ज्या लाकडासाठी जीव टाकला, ते मागितल्याबरोबर आलं असतं तर मी पायाशी न ताडता त्याच्यावर चौथा बूट बांधला असता आणि बाईंचा पाय घालवून बसले असते.

बाहेरच्या घोट्याखाली एक नवीन ठिगळ हवं आहे. साधारण दोन मिलिमीटर, मागे निमुळतं होत जाणारं. नक्की किती ते त्यांना चालताना बघितल्याशिवाय नाही सांगता यायचं. चामडं मी काढून ठेवलं आहे. रापीला धार लावली आहे. खरं सांगायचं तर आठ दिवस धडपडले तर ते कदाचित माझ्या हातूनही होईल. पण मला ते माझ्या हातून व्हायला नको आहे.

जखम या आठवड्यात वाढलेली नाही. डॉक्टरांनी बाईंना पाय टेकू नका सांगितलं आहे. त्या टेकतातच. मुलींना फळ्याशी उभं राहिल्याशिवाय शिकवता येत नाही म्हणतात. तेव्हा वेळ फार नाही.

बाई गुरुवारी अकरा वाजता दुकानात येतील. त्यांनी विचारलं, नवीन ठिगळ कोण बसवणार? मी म्हटलं, धाकटा येतो आहे. त्या म्हणाल्या, "त्यानं तसं कळवलं आहे का?" मी हो म्हटलं.

बाईंशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. ते गुरुवारपर्यंत खरं करायचं तुझ्या हातात आहे.

ताई